चोरी मोजतो कोण आणि भरतो कोण?



१९८९ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होतो. रात्रीच्या सेक्शनवर आमच्या व्हॅनमधली एक रजिस्टर बॅग पुढच्या जंक्शनवर कमी भरली. मेल लिस्टवर बॅग होती, फलाटावर नव्हती. आम्ही तिघे कामावर होतो. मध्ये एका ठिकाणी गाडी सिग्नलला बराच वेळ उभी होती. व्हॅनच्या दरवाज्याची कडी निकामी होती, आणि ती निकामी असल्याचा लेखी रिपोर्ट आम्हीच दोन महिन्यांपूर्वी दिला होता. सकाळी रेल्वे पोलिसांकडे गेलो. ठाणे अंमलदाराने चहा पाजला आणि म्हणाला, "अहो, खात्यातली भानगड आहे, खात्यातच शोधा. गुन्हा कशाला वाढवता?"

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही. खात्याने मात्र नोंद घेतली. तिघांच्या हातात आरोपपत्रे पडली. 'कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स' हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचले. माझ्या वाट्याला २४०० रुपये आले. दरमहा शंभर रुपयांप्रमाणे चोवीस महिने पगारातून कापले गेले. कडीच्या रिपोर्टाचे काय झाले, ते आजपर्यंत कोणी सांगितले नाही.

आता हिशेब मांडा. चोरी झाली, हे खरे. पण त्या वर्षीच्या देशाच्या गुन्ह्यांच्या अहवालात ती नाही. चोर सापडला नाही, कारण त्याला कोणी शोधलेच नाही. सरकारच्या कागदावर देशातली एक चोरी कमी झाली, आणि माझ्या घरात दोन वर्षे दूध अर्धा लिटरने कमी झाले.

त्या २४०० रुपयांचे रडगाणे गाण्यासाठी हा लेख लिहीत नाही. तेवढे रुपये आपल्यापैकी अनेकांचे गेले आहेत, काहींचे दहापट गेले आहेत. लिहितो आहे ते एका खोट्या समजुतीविरुद्ध. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की वर्तमानपत्रांत दोनपैकी एक सूर लागतो. आकडा वाढला असेल तर "देशात चोर मातले, कर्मचारी सामील आहेत, कामे ठेकेदाराला द्या." आकडा उतरला असेल तर "सरकारने कायदा आणि सुव्यवस्था सुधारली." दोन्ही सूर खोटे आहेत. अहवालातला चोरीचा आकडा हा मुळात चोरीचा आकडा नाही. तो नोंदीचा आकडा आहे. कोणाची चोरी लिहून घ्यायची आणि कोणाची नाही, हे जो ठरवतो तोच देशातली चोरी वाढवतो आणि कमी करतो. आणि न लिहिलेल्या चोरीची किंमत कोणाच्या तरी पगारातून वसूल होते.

आकडे काय सांगतात

देशपातळीवर गुन्ह्यांची एकत्रित आकडेवारी १९५३ पासून मिळते. त्या वर्षी देशात चोरीचे २,२०,७०९ गुन्हे नोंदले गेले आणि घरफोडीचे १,४७,३७९. पुढे अठ्ठेचाळीस वर्षांनी, २००१ साली, चोरीचे गुन्हे होते २,५२,८०३ आणि घरफोडीचे १,०१,१८२. या काळात लोकसंख्या साधारण ३७ कोटींवरून १०२ कोटींच्या पुढे गेली. म्हणजे १९५३ साली दर लाख लोकांमागे चोरीचे जवळपास ६० गुन्हे होते, ते २००१ साली २५ च्या आत आले. घरफोडीचा तर नुसता दर नव्हे, मूळ आकडाच एक तृतीयांशाने घटला.

वाचून कोणाचाही ऊर भरून यावा! स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा देश दुपटीने प्रामाणिक झाला म्हणायचा. १९५३ साली सर्वसाधारण माणसाच्या घरात चोरण्यासारखे होते काय? तांब्या-पितळेची भांडी, एखादी सायकल, बायकोच्या अंगावरचा डाग. २००१ साली घराघरात टीव्ही, दारात स्कूटर, खिशात पाकीट. शहरे अनेक पटींनी वाढली, लोकल गाड्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही, बेकारांच्या रांगा लांबल्या. आणि चोऱ्या मात्र निम्म्याहून कमी झाल्या? हे कोणत्या गणितात बसते?

पडताळा घ्यायला त्याच अहवालातला दुसरा आकडा घेऊ. १९५३ साली देशात खुनाचे ९,८०२ गुन्हे नोंदले गेले. २००१ साली ३६,२०२. लोकसंख्या पावणेतीन पट झाली, खून साडेतीन पटींहून अधिक झाले, आणि चोरी जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढली. माणसे एकमेकांचे गळे कापू लागली, पण खिसे कापायचे विसरली, असे का कोणी समजायचे? खरे कारण साधे आहे. खून लपत नाही. प्रेत असते, पंचनामा होतो, डॉक्टरचा दाखला लागतो, गावभर बोभाटा होतो. चोरी मात्र ठाण्याच्या टेबलावर एका वाक्यात नाहीशी करता येते: "कुठेतरी पडले असेल, नीट शोधा."

दरोड्याचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १९८१ साली देशात दरोड्याचे चौदा हजारांवर गुन्हे होते. अलीकडे ते तीन हजारांच्या आसपास असतात. ही घट मी खरी मानतो. टोळी, हत्यारे, मारहाण यांनी भरलेला गुन्हा सहसा दडपता येत नाही. रस्ते झाले, फोन आले, चंबळच्या टोळ्या शरण आल्या. तेव्हा सगळेच आकडे खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. जो गुन्हा लहान, ज्याचा फिर्यादी गरीब, त्याचा आकडा सर्वांत कच्चा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आकडा कमी कसा केला जातो

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रेल्वेत आणि टपालात राहून आपण ते रोज पाहतो.

पहिली रीत हद्दीची. इटारसीच्या पुढे कुठेतरी प्रवाशाची बॅग गेली, भुसावळला लक्षात आले. भुसावळचे लोहमार्ग पोलीस म्हणायचे, "गुन्हा मध्य प्रदेशात घडला, तिकडे जा." प्रवासी बायकापोरांसह परत इटारसीला जाणार आहे का? तो घरी जातो आणि चोरी कागदावरून उतरते. रेल्वे सुरक्षा दलाकडे गेला तर तेही हात वर करतात, कारण १९६६ च्या कायद्याने त्यांच्याकडे रेल्वेच्या मालमत्तेचे प्रकरण आहे, प्रवाशाच्या सामानाची चोरी नोंदवणे राज्याच्या लोहमार्ग पोलिसांचे काम. हा सगळा चेंडू शेवटी कोणाच्या अंगावर येतो? डब्यात हजर असलेल्या टीटीईच्या. कारण प्रवाशाला वर्दीतला दिसतो तो तेवढा एकच माणूस.

दुसरी रीत शब्दांची. 'चोरी'ऐवजी 'गहाळ' लिहायचे. फिर्यादीऐवजी साधा अर्ज घ्यायचा आणि त्यावर शिक्का मारून द्यायचा. सिमकार्ड नवे मिळण्यापुरता तो कागद चालतो, माणूस समाधानाने निघून जातो. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे हेच चालले. २०१६ पर्यंत मोबाईल चोरीचे नोंदलेले गुन्हे वर्षाला दोन-तीन हजारांच्या घरात असत. २०१७ मध्ये 'गहाळ' लिहिणे थांबवून गुन्हाच नोंदवायचा आदेश निघाला, आणि २०१८ साली तोच आकडा तीस हजारांच्या पुढे गेला. मुंबईत दोन वर्षांत खिसेकापू दसपट झाले काय? फलाट तेच, गर्दी तीच, हात तेच. फक्त लिहिणाऱ्याची लेखणी उघडली.

तिसरी रीत मोजणीतच आहे. एका फिर्यादीत अनेक कलमे असली तर अहवालात सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. चोरीबरोबर खून झाला तर तो खूनच, त्यातली चोरी मोजणीतून बाद.

यात ठाण्यातल्या शिपायाला शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. पण तोही आपल्यासारखाच पगारी माणूस आहे, आणि १९६६ च्या कायद्याने त्याला तर संघटनेचा हक्कही मोकळेपणी नाही. मागच्या वर्षीपेक्षा यंदा गुन्हे वाढले की वरिष्ठ त्याच्या साहेबाला जाब विचारतात. चोरीचा तपास लागला नाही तर 'अ' समरी पाठवावी लागते, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, अशी कबुली द्यावी लागते. ज्या व्यवस्थेत खरे लिहिणाऱ्याची खरडपट्टी होते आणि न लिहिणाऱ्याची पाठ थोपटली जाते, तिथे आकडा खालीच येणार. आपल्याकडेही पंक्चुअलिटीचे आणि तक्रारनिवारणाचे आकडे याच पद्धतीने सुधारतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग आकडा वाढला कशाने

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात निकाल दिला, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. त्याच सुमारास 'झिरो एफआयआर'चा, म्हणजे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याचा आग्रह सुरू झाला. दिल्लीत वाहनचोरी आणि पुढे साधी चोरीही घरबसल्या संगणकावरून नोंदवण्याची सोय झाली. आता आकडे पाहा. २०१३ साली देशात चोरीचे ३,७२,६२२ गुन्हे होते. २०१९ साली ६,७५,९१६. सहा वर्षांत ऐंशी टक्के वाढ!

ज्यांनी २००१ च्या घसरणीबद्दल सरकारची पाठ थोपटली, त्यांनीच आता "चोरांचा सुळसुळाट" म्हणून ओरड सुरू केली. २०२२ साली ६,५२,७३१ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७. ही ओरड करणाऱ्यांनी १९५३ चा दर एकदा वाचावा. एवढी वाढ होऊनही आपण अजून कागदावर १९५३ च्या खालीच आहोत.

मध्ये २०२० साली आकडा खाली आला. ती घट खरी होती. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, बाजार बंद झाले, माणसे घरात राहिली. चोरायला गर्दीच नव्हती. त्या दिवसांत मालगाड्या, पार्सल गाड्या आणि टपाल चालू ठेवले ते तुम्हीच, हे मात्र कोणत्या अहवालात नाही.

भरपाई कोणाकडून

चोर न सापडण्याला पर्याय म्हणून आपल्या देशात एक हुकमी माणूस पूर्वीपासून ठेवलेला आहे. तो म्हणजे नोकर. १८६० च्या भारतीय दंड विधानात साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे होती, पण कारकून किंवा नोकराने मालकाची चोरी केली तर सात वर्षे. इंग्रज गेले, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे नंबर बदलले. नोकराची सात वर्षे कलम ३०६ मध्ये जशीच्या तशी राहिली.

रेल्वेचे पाहा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १०० असे सांगते, की प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर नाही. मात्र रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तर आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातली रोकड चोरीला जाणे ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नव्हे, असा निर्णय दिला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लुटल्या गेलेल्या गरीब प्रवाशाला भरपाई हवी असेल तर त्याने चोराविरुद्ध पुरावा देऊन भागत नाही, त्याला टीटीईविरुद्ध किंवा अटेंडंटविरुद्ध पुरावा द्यावा लागतो. लुटलेला आणि राबणारा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची ही योजना आहे. २०२२ च्या अखेरीस रेल्वेत तीन लाखांहून अधिक अराजपत्रित पदे रिक्त असल्याचे सरकारने संसदेत सांगितले. ती पदे रिक्त कोणी ठेवली? एका माणसाकडे अनेक डबे कोणी दिले? त्या निष्काळजीपणाबद्दल एसएफ-५ कोणाला मिळाला?

वातानुकूलित डब्यांतले टॉवेल घ्या. २०१७-१८ या एका वर्षात एकट्या पश्चिम रेल्वेत सुमारे १ लाख ९५ हजार टॉवेल आणि ८१ हजारांवर चादरी गेल्याचे जाहीर झाले. नेणारे कोण? तिकीट परवडणारे सभ्य प्रवासी. त्यांच्यावर किती खटले झाले? पण टॉवेल कमी भरले की ठेकेदार अटेंडंटच्या तुटपुंज्या पगारातून पैसे कापून घेतो. चोरी वरच्या वर्गात, वसुली खालच्या वर्गात!

आणि टपालाचे तर काय सांगावे? एखाद्या सब ऑफिसात अपहार झाला, करणारा फरार झाला किंवा मेला, की प्रशासन 'सब्सिडिअरी ऑफेंडर' शोधायला निघते. ज्याने व्हाउचरवरची सही नीट पाहिली नाही, ज्याने पासबुक मागवून घेतले नाही, अशा दहा जणांची यादी होते आणि नियम ११(iii) खाली पगारातून वसुली सुरू होते. एकेका काउंटरवर किती काम टाकले होते, संगणक किती वेळ बंद होता, हे आरोपपत्रात कधी लिहिलेले असते काय?

नोकराच्या जोडीला आणखी एक हुकमी आरोपी आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जमातीच जन्मतः चोर ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती, आणि तिथल्या माणसांना गिरण्यांत राबवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण आजही स्टेशनवर चोरी झाली की पहिली गाडी पालावरच्या पारध्यांकडे जाते. आपल्यातलेही काही जण "त्यांचेच काम असणार" म्हणतात. बंधूंनो, "कर्मचारी सामील असणार" हे वाक्य जसे आपल्याला झोंबते, तसेच हे वाक्य त्यांना झोंबते. दोन्ही वाक्ये एकाच कारखान्यात तयार झाली आहेत.

नव्या कायद्याची मखलाशी

आता पुढच्या काही वर्षांत चोरीचा आकडा पुन्हा उतरू लागला तर नवल मानू नका. नव्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. भुकेपोटी चोरणाऱ्याला तुरुंगात न सडवणे हे योग्यच आहे, त्याला आपला विरोध असू नये. पण त्याबरोबर अशी चोरी अदखलपात्र केली गेली. म्हणजे पोलीस फार तर एन.सी. लिहून घेणार, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करणार नाहीत, आणि ललिता कुमारी निकालाची सक्तीही तिथे लागू होणार नाही. शिक्षा सौम्य करा, पण नोंद का बंद करता?

पाच हजारांच्या आत काय येते? हमालाचा मोबाईल, पोस्टमनची सायकल, भाजीवालीचा दिवसाचा गल्ला, आठवड्याची मजुरी. श्रीमंताच्या गाडीची चोरी नोंदली जाते, कारण विमा कंपनीला एफआयआर लागतो. गरिबाच्या सायकलीला विमा नाही, आता फिर्यादही नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा आणि प्रवाशांनाही सांगा. प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनातून झालेली चोरी, राहत्या घरातली चोरी आणि सरकारी मालमत्तेची चोरी कलम ३०५ मध्ये येते. तिथे पाच हजारांची अट नाही, गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा गाडीत गेलेली वस्तू "फलाटावर गहाळ" असे लिहून घेऊ देऊ नका. हद्दीचे कारण तर आता चालणारच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात देण्याची आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवण्याची सोय केली आहे. तसे कळवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.

जी चोरी मोजलीच जात नाही

आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. ठेकेदाराने सफाई कामगाराला ठरलेल्या मजुरीपेक्षा महिन्याला दोन हजार कमी दिले, बँकेत पूर्ण पगार टाकून एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवले, तर ती चोरी नव्हे काय? ती राष्ट्रीय अहवालाच्या चोरीच्या रकान्यात येते काय? येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत देय रकमेपेक्षा कमी पगार देणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी शिक्षा काय? पन्नास हजारांपर्यंत दंड. तोही कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून आपसात मिटवता येतो. शंभर कामगारांचे दोन-दोन हजार म्हणजे महिन्याला दोन लाख. पंचवीस हजारांत प्रकरण मिटत असेल तर चोरीइतका फायद्याचा धंदा दुसरा कोणता? कामगाराने मालकाचे दोन हजार उचलले तर सात वर्षांपर्यंत तुरुंग, मालकाने कामगाराचे उचलले तर दंडाची पावती. तराजू एकच, पण पारडी पाहा!

तीच गत नव्या चोरीची. आता खिसा कापायला हात लागत नाही, फोन पुरतो. केंद्राच्या सायबर तक्रार पोर्टलवर २०२३ साली सुमारे १६ लाख तक्रारी आल्या. त्याच वर्षी गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात सायबर गुन्हे किती? ८६,४२०. अठरा तक्रारींमागे एक गुन्हा! २०२४ मध्ये अशा फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. १९८९ सालच्या माझ्या त्या बॅगेपासून २०२३ च्या या तक्रारींपर्यंत रीत तीच आहे. "नीट शोधा, खात्यात विचारा, बँकेत विचारा." टपालाच्या काउंटरवर एखादी म्हातारी घाबरी होऊन मुदतठेव मोडायला येते, तेव्हा तिला दोन मिनिटे बसवून "बाई, फोन कोणाचा आला?" असे विचारणारा आपला सहकारी एक चोरी थांबवतो. त्याचा आकडा कुठेच लागत नाही. त्याच्या काउंटरवर रांग लांबली म्हणून मेमो मात्र मिळू शकतो.

आपल्याच लोकांशी दोन शब्द

काही मित्र म्हणतील, "गुन्हे जास्त नोंदले गेले तर चौकशा वाढतील, आपलीच माणसे अडकतील. झाकली मूठ बरी." हा विचार मी चोवीस हप्ते भरून तपासला आहे. मूठ झाकली तेव्हाच मी अडकलो. एफआयआर असता तर पोलिसांना तपास करावा लागला असता, कडीचा रिपोर्ट पुराव्यात आला असता, बॅग सिग्नलजवळच्या नाल्यात फाडलेली सापडली असती, नसती, ते निदान कळले असते. नोंद नसली की संशय उरतो, आणि संशय नेहमी खालच्या पायरीवर येऊन बसतो.

आपल्यात चोर नाहीत, असेही मी म्हणत नाही. आहेत. पार्सलला हात घालणारे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधून चहापाणी काढणारे आपल्यात आहेत, आणि युनियनचे कार्ड त्यांची ढाल होता कामा नये. त्यांना पाठीशी घातले की प्रशासनाला बाकीच्या शेकडो प्रामाणिक माणसांवर वसुली लादायला तोंड मिळते. चोराला शिक्षा होऊ द्या. पण ती चोरी सिद्ध करून चोराला झाली पाहिजे, हजेरीपटावर नाव होते म्हणून नव्हे.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या डिव्हिजनमध्ये या मागण्या लावून धराव्यात. चोरीचा एफआयआर आणि पोलीस तपास झाल्याशिवाय कोणत्याही कर्मचाऱ्याच्या पगारातून वसुली नको. कडी, कुलूप, दिवे, तिजोरी, मनुष्यबळ यांबद्दलचे कर्मचाऱ्यांचे लेखी रिपोर्ट चौकशीत पुरावा म्हणून जोडणे सक्तीचे करा. ठेकेदाराने हरवलेल्या वस्तूंपोटी केलेली कपात बंद करा. पाच हजारांच्या आतल्या चोरीचीही नोंद आणि मोजणी करा, आणि बुडवलेल्या मजुरीचा रकाना राष्ट्रीय अहवालात उघडा. पोलीस ठाण्याचे मोल गुन्हे किती कमी लिहिले यावर नव्हे, किती लिहून उलगडले यावर ठरवा.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. कडी मोडलेली दिसली की रिपोर्ट करा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. चोरी झाली की ठाण्यात जा, दोघे मिळून जा, आणि चहा पिऊन परत येऊ नका. लिहून घ्या. या देशात ज्याची चोरी लिहिली जात नाही, त्याच्याच पगारातून ती भरली जाते.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— एक निवृत्त आर.एम.एस. सॉर्टर